दोन-तृतीयांशांचा कौल

गोव्याच्या सध्याच्या विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. २०१७ चे मतदान ४ फेब्रुवारीला झाले होते आणि २०२२ चे १४ फेब्रुवारीला. तेव्हा या खेपेलाही साधारण त्याच दिवसांत मतदान होईल असे धरून गावोगावचे इच्छुक केव्हाच कामाला लागले आहेत. नाक्यानाक्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक चढतात, क्रिकेटच्या स्पर्धांना चषक देणारे हात अचानक वाढतात, चवथीच्या आधी नारळांच्या पिशव्या घरोघरी पोचतात, आणि चहाच्या दुकानात बसलेल्या प्रत्येकाकडे चाळीसही मतदारसंघांचा हिशेब तयार असतो. अमक्याचे तिकीट कापणार, तमका अपक्ष उभा राहून मते खाणार, तिसरा ऐनवेळी माघार घेणार. या हिशेबात मलाही रस आहे. तो नसलेला गोंयकार शोधूनच काढावा लागेल. मात्र गेल्या दोन विधानसभांचा अनुभव पाहता, निवडून कोण येणार या प्रश्नापेक्षा काकणभर अधिक महत्त्वाचा प्रश्न निवडून आल्यानंतरचा आहे. ज्या चिन्हावर मते घेतली त्या चिन्हाशी तो आमदार किती महिने राहणार, आणि त्याने ते सोडले तर मत देणाऱ्याच्या हाती काय उरणार?

आधी आकडे पाहू. २०१७ च्या निकालात काँग्रेस १७ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरला होता आणि भारतीय जनता पक्षाला १३ जागा मिळाल्या होत्या. मनोहर पर्रीकरांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो), गोवा फॉरवर्ड पक्ष आणि अपक्षांना सोबत घेऊन सरकार बनवले. तो भाग आघाड्यांच्या राजकारणाचा, आणि त्यावर स्वतंत्र वाद होऊ शकतो. पुढे घडले ते निराळे आहे. २७ मार्च २०१९ रोजी मगोच्या तीन आमदारांपैकी दोघे भाजपमध्ये विलीन झाले. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या १५ पैकी १० जण गेले. नवी विधानसभा आली, आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसच्या ११ पैकी ८ जण गेले. तिनाचे दोन-तृतीयांश दोन, पंधराचे दहा, आणि अकराचे सातहून थोडे अधिक भरतात म्हणून आठ. तिन्ही वेळा कायद्याला जितके हवे होते तितकेच नेमके गेले, एकही जास्त नाही आणि एकही कमी नाही. मतपरिवर्तन इतक्या गणिती बेताने होत नसते. या मालिकेतला सर्वांत गमतीदार प्रसंग डिसेंबर २०२१ मधला आहे. राष्ट्रवादी काँग्रेसचे सभागृहातले एकुलते एक आमदार चर्चिल आलेमाव तृणमूल काँग्रेसमध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर पक्षाचा विधिमंडळ गटही रीतसर विलीन झाला. एका माणसाचे दोन-तृतीयांश म्हणजे तोच माणूस, हे गणित कोणत्याही शाळेत शिकवले जात नसले तरी सभागृहात चालते.

ज्या कायद्याच्या आधाराने हे चालते तो मुळात याच रोगावरचा उपाय म्हणून आला होता. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडणारा किंवा पक्षादेश मोडणारा सदस्य अपात्र ठरेल, हा तिचा गाभा. त्याला दोन पळवाटा ठेवल्या होत्या. एक-तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती ‘फूट’ आणि दोन-तृतीयांश दुसऱ्या पक्षात गेले तर ते ‘विलीनीकरण’. दोन्हींना अपात्रता नाही. विधी आयोगाने १९९९ मधील आपल्या १७० व्या अहवालात या दोन्ही सवलती काढून टाकण्याची शिफारस केली होती. संसदेने २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीत त्यातली निम्मीच ऐकली. फुटीची सवलत गेली, विलीनीकरणाची राहिली. मोठ्या राज्यात दोन-तृतीयांशांची अट खरोखर अडसर ठरते, कारण साठ-सत्तर आमदारांच्या पक्षातून चाळीस-पंचेचाळीस जणांना एका रात्रीत एका बसमध्ये बसवणे सोपे नसते. गोव्याच्या सभागृहात चाळीसच सदस्य आहेत आणि विरोधी पक्षाकडे त्यातले दहा-पंधरा असतात. येथे दोन-तृतीयांश म्हणजे एका जेवणाच्या टेबलाभोवती मावणारी माणसे. एकट्याने केले तर अपराध आणि टोळीने केले तर विलीनीकरण, ही या कायद्याची अजब रीत आहे, आणि राज्य जितके लहान तितकी टोळी जमवायला स्वस्त.

स्वस्ताईचे दुसरे कारण तिजोरीच्या बाजूला आहे, आणि त्याची चर्चा मला तरी फारशी होताना दिसत नाही. त्याच ९१ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांपुरता मर्यादित केला. चाळीसचे १५ टक्के सहा होतात. मात्र लहान राज्यांसाठी एक परंतुक जोडले गेले, की मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या बारापेक्षा कमी असू नये. सहा मंत्र्यांत राज्य चालवणे अवघड जाईल ही भीती खोटी नव्हती, पण परिणाम असा झाला, की महाराष्ट्रात २८८ पैकी जास्तीत जास्त ४३ जण मंत्री होऊ शकतात, म्हणजे सातांत एक, आणि गोव्यात ४० पैकी १२, म्हणजे दहात तीन. बहुमताच्या एकवीस आमदारांपुरतेच पाहिले तर निम्म्याहून अधिक मंत्री. उरलेल्यांसाठी सभापती आणि उपसभापतीची पदे आहेत, शिवाय कदंब परिवहन, औद्योगिक विकास महामंडळ, पर्यटन विकास महामंडळ अशा ठिकाणची अध्यक्षपदे आहेत. सत्ताधारी बाकावर बसूनही हाती काहीच नाही असा आमदार गोव्यात दुर्मीळ. विरोधी बाकावर बसलेल्या माणसाला समोरची ही पंगत रोज दिसत असते.

१० जुलै २०१९ नंतर तीनच दिवसांनी जे चौघे मंत्री म्हणून शपथ घेते झाले, त्यातले तिघे नुकतेच काँग्रेसमधून आलेले होते. तीन दिवसांपूर्वीपर्यंत विरोधी पक्षनेते असलेले चंद्रकांत कवळेकर उपमुख्यमंत्री झाले. जागा करण्यासाठी गोवा फॉरवर्डच्या तिघांना आणि एका अपक्षाला डच्चू मिळाला. ज्यांच्या पाठिंब्यावर २०१७ चे सरकार उभे राहिले होते तेच ते मित्र. पणजीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पर्रीकरांच्या निधनाने रिकामी झालेली ती जागा २३ मे २०१९ च्या निकालात काँग्रेसने जिंकली. पंचवीस वर्षांनी पणजीने कौल बदलला होता. तो बदललेला कौल ४८ दिवस टिकला, कारण ती जागा जिंकणारे बाबूश मोन्सेरात त्या दहांमध्ये होते.

एवढ्यावर वाचकाच्या मनात सहज येईल, की मग मतदारांनी अशांना घरी का बसवले नाही? त्यांनी बसवले, आणि हा भाग गोव्याबाहेरच्या टीकाकारांना ठाऊक नसतो. २०१९ मध्ये भाजपमध्ये विलीन झालेल्या बारा जणांपैकी २०२२ च्या निवडणुकीत तिघेच परत निवडून आले. काही जणांना भाजपने तिकीटच दिले नाही आणि ते अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षातून पडले. काही भाजपच्या चिन्हावर पडले. दोन उपमुख्यमंत्री होते, कवळेकर केपेतून आणि बाबू आजगावकर मडगावातून, दोघेही पडले. सांत आंद्रेत फ्रान्सिस सिल्वेरा ७६ मतांनी पडले आणि रिव्होल्युशनरी गोवन्स या पक्षाचा पहिला आमदार सभागृहात गेला. मतदाराने आपले काम चोख केले होते. तरीही निकालानंतर सहा महिने आणि चार दिवस उलटतात तोच पुढचे आठ जण निघाले, आणि तेही आधीच्या बारांची गत डोळ्यांदेखत पाहून. याचा अर्थ मतदाराची शिक्षा निष्फळ आहे असा मी काढत नाही. ती फार उशिरा मिळते, इतकाच काढतो. मंत्रिपद तीन दिवसांत मिळते आणि पराभव अडीच-तीन वर्षांनी. मधल्या काळात जे कमवायचे ते कमवून होते. कर्जाचा हप्ता इतक्या सवलतीने फेडायला मिळाला तर कोणीही कर्ज घेईल.

दुसरा नेहमीचा उपाय शपथेचा. २२ जानेवारी २०२२ रोजी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाजवळ (क्रुसाजवळ) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्षाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायला लावली. आम आदमी पक्षाने आपल्या उमेदवारांकडून प्रतिज्ञापत्रे लिहून घेतली. (त्या पक्षाचे निवडून आलेले दोघे सप्टेंबरच्या गळतीत नव्हते, हे नमूद केले पाहिजे, अर्थात दोघांच्या पक्षाला त्या वेळी कोणी बोलावले होते की नाही, हा भाग वेगळा.) काँग्रेसच्या आठांपैकी दिगंबर कामत यांनी पक्ष सोडताना सांगितले, की आपण पुन्हा देवळात गेलो, देवाला शपथेची आठवण दिली, आणि तुला योग्य वाटेल ते कर असे देवाने सुचवले. या खुलाशावर राज्यभर हसू उसळले. मला त्यात हसण्यापेक्षा अधिक काही दिसले.

आमच्याकडे देवळात कौल घेतात. काही ठिकाणी त्याला प्रसाद लावणे म्हणतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, पुजारी गाऱ्हाणे घालणार, आणि मग सगळ्यांनी श्वास रोखून बसायचे. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर थांबायचे. लग्न, जमिनीची वाटणी, विहीर कुठे खणायची, घर सोडून परदेशी जावे की नाही, असले प्रश्न घेऊन माणसे अजूनही बसतात. माझी आजी सांगायची, की कौल मागण्याआधी दहादा विचार करावा, कारण एकदा मिळाला की मनासारखा नाही म्हणून दुसरा मागायचा नसतो. तसे करणारा देवाला विचारत नाही, स्वतःला विचारतो. मतदानाच्या निकालालाही आपण कौलच म्हणतो, आणि मराठीत हा शब्द रुजला त्यामागे काही समज असावी. कामत यांनी जे केले ते आजीच्या व्याख्येनुसार दुसरा कौल मागणे होते. पण नीट पाहिले तर त्यांनाच तेवढे नावे ठेवण्यात अर्थ नाही. शपथ आणि प्रतिज्ञापत्र या दोन्ही उपायांत एक मूलभूत चूक आहे, आणि ती चूक आपण सगळेच करत आलो आहोत. आपण बांधून घेतो ते जाणाऱ्याला. नेणाऱ्याला कोणी बांधून घेत नाही.

बाजारात चोरीचा माल विकणारा असतो तसा घेणाराही असतो, आणि कायदा दोघांनाही धरतो. पक्षांतराच्या व्यवहारात मात्र घेणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत नाही, किंवा दाखवले तरी ते विरोधी पक्षाच्या पत्रकार परिषदेपुरते. २०१९ मध्ये आणि २०२२ मध्ये घेणारा भाजप होता, हे उघड आहे. मात्र हा व्यवहार भाजपने शोधून काढलेला नाही. २७ मार्च १९९० पासून २४ ऑक्टोबर २००० पर्यंत साडेदहा वर्षांत गोव्यात दहाहून अधिक वेळा मुख्यमंत्र्यांचे शपथविधी झाले; त्यात एक मुख्यमंत्री अठरा दिवसांचे होते आणि १९९४ च्या एप्रिलमधले एक जेमतेम आठवडाभराचे. त्या दशकात घेणारा बहुतेक वेळा काँग्रेस होता. २००५ मध्ये पर्रीकरांचे सरकार पडले ते त्यांचेच आमदार बाहेर पडल्याने, आणि त्या वेळी भाजपमधून काँग्रेसमध्ये आलेले दिगंबर कामत २००७ मध्ये काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. पक्षांतरबंदी कायद्याच्या इतिहासातला एक पायाभूत निवाडाही गोव्यातूनच गेला आहे. लेखी राजीनामा न देताही वर्तनावरून सदस्याने पक्ष सोडला असे मानता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रवी नाईक यांच्या खटल्यात स्पष्ट केले. एवढ्या लहान राज्याने देशाच्या कायद्याला एवढे खाद्य पुरवले, याचा अभिमान वाटावा की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातले फुटीर आमदार गुवाहाटीहून मुंबईला जाताना मुक्कामाला गोव्यातच उतरले होते. पाहुणचारातही आम्ही मागे नाही.

न्यायनिवाड्याचे काय, असा प्रश्न येतो. अपात्रतेचा निर्णय सभापतीकडे असतो आणि सभापती सत्ताधारी पक्षाचा असतो. जुलै २०१९ मधल्या दहा जणांविरुद्धची याचिका सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय उचलून धरला तो २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. दोन-तृतीयांश आमदार सहमत असले की विलीनीकरण झाले असे मानले जाते, मूळ पक्षाने ठराव केला की नाही हे पाहण्याची गरज नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. त्याच्या गुणदोषांवर कायदेपंडित वाद घालोत. माझ्यासारख्याला खटकते ती तारीख. निकाल हाती आला तेव्हा पुढच्या विधानसभेसाठीचे मतदान होऊन दहा दिवस झाले होते. तो उलट लागला असता तरी अपात्र ठरणाऱ्यांची मुदत काही दिवसांवरच संपत होती. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ११ मे २०२३ रोजी शिवसेनेच्या खटल्यात विधिमंडळ गट म्हणजे मूळ राजकीय पक्ष नव्हे आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार पक्षाचाच, असे सांगितले. हा विचार विलीनीकरणाच्या कलमाला लावला तर गोव्यातल्या तिन्ही विलीनीकरणांचा पाया भुसभुशीत होतो, असे मला वाटते. सभापतींनी तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असे न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या आणि २०२५ मध्ये तेलंगणाच्या प्रकरणात बजावले, आणि दोन्ही वेळा हा अधिकार सभापतींकडे ठेवावा का याचा संसदेने विचार करावा असेही सुचवले. संसदेने अजून तो केलेला नाही.

आता विरोधी बाजूचे दोन युक्तिवाद. पहिला स्थैर्याचा. २०१२ पासून गोव्यात एकाच पक्षाच्या नेतृत्वाखाली सरकार आहे, नव्वदच्या दशकातला पोरखेळ थांबला, मग आमदार इकडचे तिकडे गेले तर बिघडले कुठे, असा प्रश्न अनेक सुज्ञ माणसे विचारतात. बिघडले ते सभागृहात. सप्टेंबर २०२२ नंतर सत्तेच्या बाजूला मगो आणि अपक्ष धरून ३३ आणि समोर सात, असे चित्र झाले. ज्या निवडणुकीत विजयी पक्षाला सुमारे ३३ टक्के मते मिळाली होती, म्हणजे तिघांतल्या दोघांनी त्याला मत दिलेले नव्हते, त्या निवडणुकीतून अखेर सात जणांचा विरोधी बाक उरला. गोव्यात विधान परिषद नाही. विधेयकाची दुसऱ्यांदा छाननी करणारे दुसरे सभागृह नसल्याने जमिनीचे रूपांतर, खाणी, किनारा यांविषयीचा प्रत्येक कायदा याच चाळिसांच्या हातून जातो आणि त्याला प्रश्न विचारायला सात माणसे असतात. सात माणसांनी चांगली झुंज दिली तरी ती सातच.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. पक्षांतरबंदी जितकी कडक तितका आमदार पक्षश्रेष्ठींचा गुलाम होतो; सद्‌सद्विवेकाला जागा उरत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच पक्ष सोडण्यावर बंदी असावी असे मी म्हणत नाही. पक्ष सोडावासा वाटला तर राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जाण्याची वाट मोकळी आहे आणि गोव्यात ती वापरलीही गेली आहे. विश्वजित राणे यांनी २०१७ मध्ये काँग्रेस सोडली, आमदारकीही सोडली आणि वाळपईची पोटनिवडणूक मोठ्या फरकाने जिंकली. सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे यांनी २०१८ मध्ये राजीनामे दिले आणि पुढच्या वर्षी तेही लोकांकडून निवडून आले. पोटनिवडणुकीचा खर्च जनतेच्या माथी येतो, आणि राणे तर पोटनिवडणुकीआधीच मंत्री झाले होते, ही त्या वाटेवरची खोट. तरीही तिथे मतदाराला निदान विचारले गेले. विलीनीकरणात विचारतच नाहीत.

या सगळ्यात आपण मतदार कोरडे आहोत, असे मात्र नाही. काही वर्षांपूर्वी एका शेजाऱ्याच्या कामासाठी मी एका आमदाराच्या घरी सकाळी गेलो होतो. बाल्कांवात, म्हणजे व्हरांड्यात, प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यावर माणसे, प्रत्येकाच्या मांडीवर पारदर्शक फाइल. एकीचा गृह आधार योजनेचा अर्ज अडकलेला, एकाच्या आईला इस्पितळात खाट हवी, एकाला दारात विजेचा खांब, आणि निम्म्याहून अधिक जणांना मुलासाठी सरकारी नोकरी. आमदारसाहेब बाहेर आले, हसून सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्या शेजाऱ्याला पहिला प्रश्न विचारला, ‘‘कुठल्या वाड्यावरचे?’’ वाड्याचे नाव ऐकल्यावर त्यांनी स्वीय साहाय्यकाकडे पाहिले. त्या पाहण्यात मागच्या निवडणुकीतली त्या मतदान केंद्राची मते होती. २०२२ मध्ये राज्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते, म्हणजे मतदारसंघामागे सरासरी एकोणतीस हजार. महाराष्ट्रात हीच सरासरी साडेतीन लाखांच्या घरात जाते. फोंड्यात जय-पराजय ७७ मतांनी ठरला, प्रियोळात २१३ मतांनी, आणि खुद्द मुख्यमंत्री साखळीतून ६६६ मतांनी आले. इतक्या लहान आखाड्यात आमदार प्रत्येक घर ओळखून असतो आणि प्रत्येक घर त्याला कामासाठी ओळखते. खर्चमर्यादेचेच पाहा. गोव्यात उमेदवाराला २८ लाख खर्च करता येतात आणि महाराष्ट्रात ४० लाख. भागाकार केला तर गोव्यात मतदारामागे शंभराच्या आसपास रुपये पडतात आणि महाराष्ट्रात बारा. ही झाली कागदोपत्री मर्यादा.

म्हणून पक्ष सोडणारा प्रत्येक आमदार सांगतो, की मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो, विरोधात राहून कामे होत नव्हती. हे कारण सरसकट खोटे म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण त्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना ते खरे वाटते आणि अनेकदा ते खरे असतेही. विरोधी आमदाराच्या भागातला रस्ता रखडतो, त्याच्या शिफारशीचा उमेदवार यादीत येत नाही. २०१९ मध्ये कर्मचारी निवड आयोगाचा कायदा झाला तो ही साखळी तोडण्यासाठीच, पण नोकऱ्या आमदारामार्फत मिळतात हा समज इतका घट्ट आहे की २०२४ च्या अखेरीस नोकरीच्या आमिषाने लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत गेल्या. नोकरी परीक्षेने, खाट आजाराने आणि खांब अर्जाच्या क्रमाने मिळू लागला तर आमदाराला पक्ष सोडण्याचे कारण सांगताना थोडे अडखळावे लागेल.

दीर्घकाळचा उपाय तोच असला, तरी येत्या निवडणुकीआधी होण्याजोगी एक गोष्ट आहे. ९१ व्या दुरुस्तीने असे ठरवले आहे, की पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्या सदस्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा त्याची मुदत संपेपर्यंत मंत्री होता येणार नाही आणि मानधनाचे राजकीय पदही घेता येणार नाही. विलीनीकरणाच्या छत्राखाली गेलेला अपात्रच ठरत नसल्याने ही बंदी त्याला लागत नाही. ती त्यालाही लागू करावी, एवढीच दुरुस्ती हवी. दोन-तृतीयांशांनी जायचे तर जावे. विचार पटला म्हणून जाणाऱ्याला मागच्या बाकावर बसायला हरकत नसावी. घटना पुनरावलोकन आयोगाने २००२ मध्ये याहून कडक शिफारस केली होती: पक्ष सोडणाऱ्या प्रत्येकाने आमदारकी सोडून पुन्हा निवडणूक लढवावी आणि उरलेल्या मुदतीत त्याला कोणतेही पद मिळू नये. घटनादुरुस्ती दिल्लीच्या हातात आहे, ती फेब्रुवारीपूर्वी होणार नाही. पण तिचे सार पाळायला कोणत्याही पक्षाला घटनादुरुस्तीची गरज नाही. ‘आमचे सरकार आले तर दुसऱ्या चिन्हावर निवडून आलेल्या कोणालाही या विधानसभेच्या मुदतीत मंत्रिपद वा महामंडळ देणार नाही’ ही एक ओळ जाहीरनाम्यात घालता येते. भाजपने घालावी, काँग्रेसने घालावी, सत्तेच्या शर्यतीत असल्याचे सांगणाऱ्या प्रत्येकाने घालावी. देवळात, खुरसाजवळ किंवा दर्ग्यात जायचेच असेल तर या खेपेला उमेदवारांऐवजी पक्षाध्यक्षांनी आणि मुख्यमंत्रिपदाच्या दावेदारांनी जावे आणि ही ओळ मोठ्याने वाचावी. दारावर प्रचाराला येणाऱ्या कार्यकर्त्याला मी तरी हेच विचारणार आहे. तुमचा उमेदवार जाणार नाही, हे त्याने मला सांगू नये. समोरून आलेल्याला तुम्ही काय देणार, ते सांगावे.

ती ओळ कोणी घातली नाही, तर मतमोजणीच्या दुपारी वहीत पक्षांच्या जागा लिहून घेताना मी प्रत्येक आकड्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहीन. तीन जागांपुढे दोन, पाचांपुढे चार, आठांपुढे सहा, बारांपुढे आठ. आणि एका जागेपुढे एक.